पिल्लांआधीचं काम

‘लॅब मादी हीटवर आहे. क्रॉसिंगसाठी पेपरवाला नर पाहिजे. एक पिल्लू देऊ.’ श्वानप्रेमींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अशा धाटणीचे निरोप सतत फिरत असतात. त्यात मादीचं वय नसतं. तिच्या खुब्यांचा एक्स-रे काढलाय का, नराचं रक्त तपासलंय का, दोघं एकाच बापाची तर नाहीत ना, यातलं काहीच नसतं. मादी हीटवर आहे म्हणजे हातात चार-पाच दिवस आहेत, तेवढ्यात मिळेल तो नर चालतो. नऊ आठवड्यांनी पिल्लं होतात, महिनाभरात त्यांची विक्री होते आणि मालकाला वाटू लागतं की आपण ब्रीडर झालो.

कुत्र्यांची संख्या वाढवायला माणसाची गरज नाही, ते काम निसर्ग आपल्या गल्लीबोळांतून बिनबोभाट करतो. ब्रीडर लागतो तो निवड करायला. कोणती मादी, कोणता नर, कोणत्या वर्षी, आणि मुख्य म्हणजे कोणती जोडी अजिबात लावायची नाही, हे ठरवणं हा या कामाचा गाभा आहे. म्हणून या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्याने पिल्लांचा विचार सर्वांत शेवटी करावा. खरं काम त्याच्या निदान दोन वर्षं आधी सुरू होतं.

कोणत्या जातीला तुमची गरज आहे?

बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘सध्या कशाला मागणी आहे?’ हा प्रश्न किती महागात पडतो हे आपल्याकडच्या पगने दाखवून दिलं. २००३मध्ये हच कंपनीच्या जाहिरातीत एका मुलामागे तुरुतुरु चालणारा पग दिसला आणि घरोघरी पग हवा झाला. मागणी आली तशी पिल्लंही आली. पण चपट्या तोंडाच्या कुत्र्याला श्वास घेण्यासाठी मुळातच जागा कमी असते. कुत्रं अंग थंड करतं ते मुख्यतः धापा टाकून. नाकपुड्या चिंचोळ्या आणि टाळू लांब असेल, तर एप्रिल-मेच्या उकाड्यात धाप लागूनही अंग थंड होत नाही. नेदरलँड्समध्ये नाकाड कवटीच्या लांबीच्या साधारण एक-तृतीयांशाहून आखूड असेल, तर त्या कुत्र्याची पैदास करायला मनाई आहे. बर्फाळ सैबेरियासाठी घडलेल्या हस्कीला नागपूरच्या उन्हाळ्यात एसीच्या खोलीत ठेवणं हा त्याच चुकीचा दुसरा प्रकार.

मागणीऐवजी असं विचारून पाहा: कोणत्या जातीला एका चांगल्या ब्रीडरची गरज आहे? महाराष्ट्रात याचं एक उत्तर आपल्या बांधावरच उभं आहे. ते म्हणजे कारवान आणि त्याचा रेशमी केसांचा भाऊबंद पश्मी. लांब निमुळतं तोंड, खोल छाती, पोटाशी आत गेलेली कंबर आणि लांब पाय असलेलं हे नजरेवर शिकार करणारं कुत्रं मराठवाडा, सोलापूर, सांगली, कोल्हापूर आणि सीमेपलीकडच्या उत्तर कर्नाटकात पिढ्यान्‌पिढ्या पाळलं जातं. त्याचे पूर्वज व्यापारी तांड्यांबरोबर वायव्येकडून दख्खनमध्ये आले असं मानतात. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची जोपासना केली आणि ब्रिटनचे राजे पाचवे जॉर्ज यांना त्यांची जोडी भेट दिली, अशी हकिगत सांगतात. मुधोळ हाउंड हे नाव त्यातूनच रूढ झालं. चेन्नईस्थित केनेल क्लब ऑफ इंडिया त्याची नोंद ‘कॅरव्हान हाउंड’ म्हणून करतो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब ‘मुधोळ हाउंड’ म्हणून. टपाल खात्याने २००५मध्ये चार भारतीय जातींवर तिकिटं काढली, त्यांत मुधोळ होता. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने राजापालयम आणि चिप्पिपाराई यांच्याबरोबर त्याचीही अधिकृत नोंद केली आहे. मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे आणि तिथली पिल्लं लष्कराच्या मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणासाठी गेली आहेत.

एवढा मान मिळूनही गावोगावच्या चांगल्या कारवानांची वंशावळ कागदावर क्वचितच असते. कोणत्या नराची कोणती पिल्लं, कोणत्या घराण्यात फिट्स येतात, कोणत्या मादीला दूध कमी येतं, हे एखाद्या म्हाताऱ्या मालकाच्या डोक्यात असतं आणि त्याच्याबरोबर जातं. पूर्वी निवड शिकारीच्या रानात व्हायची. जे धावण्यात कमी पडलं त्याची पिल्लं कुणी मागत नसे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर सशामागे कुत्रं सोडणं हा गुन्हा आहे, आणि तसं व्हायलाही हवं. पण जुनी कसोटी गेली आणि तिच्या जागी नवी आली नाही. आता कुत्रं फक्त रंगावर, उंचीवर किंवा कुठल्या शोमध्ये बक्षीस आलं यावर निवडलं जातं. मन लावून नोंदी ठेवणारा, तपासण्या करणारा, धावण्याची ताकद आणि शांत स्वभाव दोन्ही राखणारा एक माणूस इथं खरोखर फरक पाडू शकतो. लॅब्रेडॉर किंवा जर्मन शेफर्डची शंभरावी जोडी लावणाऱ्याच्या वाट्याला असं काम सहसा येत नाही.

अर्थात, लॅब्रेडॉरच पाळायचा असेल तर त्यात गैर काही नाही. फक्त त्या जातीचे आजार तोंडपाठ हवेत आणि आपल्या वेताने जातीत काय सुधारेल याचं उत्तर एका वाक्यात देता यायला हवं.

कागद आधी

आपल्याकडे अनेकांना ठाऊक नसतं की पैदास करून पिल्लं विकणं हा नोंदणीशिवाय करायचा धंदा नाही. १९६०च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली २०१७मध्ये केंद्र सरकारने श्वान पैदास आणि विक्रीचे स्वतंत्र नियम काढले. त्यानुसार ब्रीडरने राज्य पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. तिचं शुल्क ५,००० रुपये आहे. ती दोन वर्षं चालते आणि पुढे नूतनीकरण करावं लागतं. कुत्री दोन ठिकाणी असतील तर नोंदणीही दोन. जागेची तपासणी होते आणि जन्म-मृत्यू-विक्रीची नोंदवही ठेवावी लागते.

नियमांचा मजकूर कोरडा असला तरी त्यामागची समज पक्की आहे. मादी १८ महिन्यांची होण्याआधी तिची जोडी लावायची नाही. वर्षात एकाहून जास्त वेत नाही आणि आयुष्यभरात पाचाहून जास्त नाहीत. आठ वर्षांपुढच्या मादीला विश्रांती. जोडी लावण्याआधी पशुवैद्याकडून ती तंदुरुस्त असल्याचं प्रमाणपत्र घ्यायचं. आठ आठवड्यांआधी पिल्लू विकायचं नाही आणि विकताना त्याला मायक्रोचिप व लसी दिलेल्या हव्यात. दिसायला बरं म्हणून कान कापणं, शेपूट तोडणं यांना जागा नाही. याशिवाय महापालिका हद्दीत पाळीव कुत्र्याचा परवाना लागतो. गृहनिर्माण सोसायटीत राहत असाल, तर सात पिल्लांचा रात्रभर चालणारा गोंगाट शेजाऱ्यांना कसा झेपेल याचाही विचार आधीच करून ठेवावा.

केनेल क्लबचे ‘पेपर्स’ ही सरकारी नोंदणी नव्हे. या कागदांवर कुत्र्याचे आईबाप, आजेपणजे आणि जात यांची नोंद असते. त्याचं हाड धड आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. पेपर्स दाखवून पिल्लू विकणाऱ्याकडे तपासण्यांचे अहवालही मागावेत, आणि आपण ब्रीडर झालो की तेच अहवाल न मागता पुढे ठेवावेत.

मादी निवडताना

नवख्याने पहिलं कुत्रं पैदाशीसाठी म्हणून विकत घेऊ नये. आधी त्या जातीत पंधरा-वीस वर्षं घालवलेल्या माणसाकडे जावं, शो पाहावेत, दोन-तीन वेतांना त्याच्या हाताखाली राबावं. मग त्याच्याकडून उत्तम घराण्यातली मादी घ्यावी. नर नंतरही मिळतो. चांगल्या ब्रीडरांशी ओळख असेल तर शेकडो किलोमीटर अंतरावरचा नरही चालतो. कामाचा पाया मादी असते.

ती वाढत असताना तिच्याकडे निर्दयपणे पाहावं लागतं. प्रेम एका बाजूला आणि मूल्यमापन दुसऱ्या बाजूला. फटाक्यांनी ती किती घाबरते, अनोळखी माणूस आला की मागे सरते की दात दाखवते, कातडी वारंवार बिघडते का, पोट नाजूक आहे का? कारवान मुळातच परक्याशी फटकून वागतो आणि कुणी अचानक हात लावलेला त्याला आवडत नाही. पण अलिप्तपणा वेगळा आणि भित्रेपणातून चावणं वेगळं. स्वभावाचा बराच भाग वंशातून येतो आणि उरलेला पिल्लांना पहिल्या आठवड्यांत आईकडून मिळतो, त्यामुळे भित्र्या आईची पिल्लं दोन्ही बाजूंनी नुकसानीत जातात.

मग तपासण्या. मोठ्या जातींत खुब्याचा सांधा सैल बसण्याचा विकार, म्हणजे हिप डिस्प्लेशिया, फार आढळतो. तो अनेक जनुकांतून येतो, त्यामुळे नुसत्या चालीवरून कळत नाही, एक्स-रेच काढावा लागतो. अमेरिकेतली ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर अ‍ॅनिमल्स ही संस्था १९६६पासून असे एक्स-रे तपासते आणि अंतिम दाखला २४ महिन्यांनंतरच देते. कायदा १८ महिन्यांना हिरवा कंदील दाखवत असला, तरी मोठ्या जातीच्या जबाबदार ब्रीडरला आणखी सहा महिने थांबावं लागतं ते यामुळे.

काही आजार एकाच जनुकाचे असतात आणि त्यांची डीएनए चाचणी होते. लॅब्रेडॉरमध्ये दृष्टिपटल हळूहळू निकामी होऊन अंधत्व आणणारा एक विकार आहे. तो होण्यासाठी सदोष जनुक आई आणि बाप दोघांकडून यावं लागतं. ज्याच्याकडे एकच सदोष प्रत आहे त्याला काही होत नाही, पण ती पुढे देण्याची शक्यता असते. असे दोन वाहक एकत्र आले, तर प्रत्येक पिल्लाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के आणि वाहक होण्याची ५० टक्के. वाहक आणि निर्दोष यांची जोडी लावली, तर एकही पिल्लू आंधळं होत नाही. चाचणीचा उपयोग कुत्रं बाद करण्यापुरता नाही. कुठल्या जोडीने धोका येत नाही, हेही तीच सांगते.

आपल्याकडे संसर्गाची तपासणी तितकीच महत्त्वाची आहे. ब्रुसेला कॅनिस या जिवाणूने मादीचा गर्भपात होतो, नर वांझ होतो आणि तो माणसालाही लागू शकतो. भटक्या कुत्र्यांमध्ये संभोगातून पसरणारी जननेंद्रियाची गाठ भारतात सर्रास दिसते. गोचीडताप वरून ठणठणीत दिसणाऱ्या कुत्र्यातही दबा धरून असतो आणि गाभणपणात उसळी मारतो. ‘आमचा नर घरातच असतो’ हे रक्ताच्या अहवालाऐवजी चालत नाही.

नात्याचं गणित

आखीव दिसणं टिकवायचं म्हणून ब्रीडर सख्ख्या नात्यात जोड्या लावतात. बापाची लेकीशी किंवा भावाची बहिणीशी जोडी लावली, तर होणाऱ्या पिल्लांचा अंतःप्रजनन गुणांक २५ टक्के येतो. सावत्र भावंडं किंवा आजोबा-नात असतील तर साडेबारा टक्के, चुलत-मावस भावंडं असतील तर सव्वासहा टक्के. याचा अर्थ जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची तेवढी शक्यता. जे दोष आजवर एकेकट्या प्रतीत झाकून बसले होते ते अशा वेळी उघडे पडतात. वेतं लहान होतात, पिल्लं अशक्त निघतात.

२००८मध्ये बीबीसीने जातिवंत कुत्र्यांच्या आजारांवर एक माहितीपट दाखवला आणि ब्रिटनमध्ये गदारोळ झाला. १८७३पासून चालत आलेल्या लंडनच्या केनेल क्लबला २००९मध्ये आई-मुलगा, बाप-मुलगी आणि सख्ख्या भावंडांच्या पिल्लांची नोंदणी थांबवावी लागली. आपल्याकडे शोमध्ये जिंकलेल्या एकाच नराकडे साऱ्या माद्या नेण्याची जी पद्धत आहे, तिचा परिणामही दोन-तीन पिढ्यांनी हाच होतो, कारण मग सगळेच एकमेकांचे नातेवाईक निघतात. कारवानच्या बाबतीत तर वंशावळच लिहिलेली नसल्याने नातं असून ते कळतही नाही. त्यावर उपाय साधा आहे. दूरच्या तालुक्यातला नर शोधायचा, पाहिलेल्या प्रत्येक कुत्र्याचे आईबाप, गाव, मालक यांची वही ठेवायची आणि शक्य तिथं डीएनए नमुना जपून ठेवायचा.

शुद्धतेचा हट्ट कुठवर न्यावा, याचं एक उदाहरण डाल्मेशियनचं आहे. या जातीतल्या जवळपास प्रत्येक कुत्र्याच्या लघवीत यूरिक अ‍ॅसिड जास्त असतं आणि त्यामुळे मूतखडे होतात. जातीतच निर्दोष जनुक उरलं नव्हतं, म्हणून आतल्या आत कितीही निवड करून फायदा नव्हता. १९७३मध्ये अमेरिकी आनुवंशशास्त्रज्ञ रॉबर्ट शाइबल यांनी एका डाल्मेशियनची पॉइंटर जातीच्या कुत्र्याशी जोडी लावली आणि नंतर पिढ्यान्‌पिढ्या पुन्हा डाल्मेशियनशीच. ठिपके, बांधा सगळं परत आलं आणि सोबत निर्दोष जनुकही आलं. त्या वंशाला अमेरिकन केनेल क्लबचं दार कायमचं उघडायला मात्र २०११ उजाडलं. एका परक्या पूर्वजाने जात बुडाली नाही, उलट वाचली.

नेमका दिवस

कुत्री साधारण सहा-सात महिन्यांनी हीटवर येते, काहींत हे अंतर वर्षाचंही असतं. पहिले नऊएक दिवस रक्त दिसतं, पण ती नराला जवळ येऊ देत नाही. पुढचे साधारण नऊ दिवस ती राजी असते. ‘अकरावा आणि तेरावा दिवस’ हा आपल्याकडचा ठरलेला हिशेब अनेक माद्यांना लागू पडत नाही आणि मग ‘मादी भरत नाही’ असा शिक्का बसतो. खात्रीचा मार्ग म्हणजे एक दिवसाआड रक्तातलं प्रोजेस्टेरॉन मोजणं. ते मिलिलीटरला पाच नॅनोग्रॅमच्या आसपास आलं की अंडी सुटतात. पण कुत्रीची अंडी सुटली त्याच क्षणी फळत नाहीत, पक्व व्हायला त्यांना आणखी दोन दिवस लागतात. म्हणून जोडी अंडी सुटल्यानंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान लावावी. संयोगानंतर नर-मादी दहा मिनिटं ते अर्धा तास एकमेकांत अडकून राहतात. त्यांना ओढून वेगळं केलं तर दोघांनाही इजा होते.

ऋतूचाही विचार हवा. लातूर-सोलापूरकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो आणि नवजात पिल्लांना ऊन सोसत नाही. पावसाळ्यात गोचीड आणि ओल. थंडीच्या सुरुवातीला पिल्लं व्हावीत असा बेत आखला, तर अर्धी काळजी कमी होते.

त्रेसष्ट दिवस

अंडी सुटल्यापासून ६३ दिवसांनी, एखादा दिवस मागेपुढे, कुत्री विते. प्रोजेस्टेरॉन मोजून ठेवलेलं असेल तर तारीख जवळपास नेमकी सांगता येते. ते मोजलेलं नसेल, तर जोडी लावल्याच्या तारखेवरून ५७ ते ७२ असा मोठा अंदाज हाती राहतो. साधारण २५व्या दिवसानंतर सोनोग्राफीत गर्भ दिसतात. ५५व्या दिवसानंतरच्या एक्स-रेत पिल्लं मोजता येतात, कारण तेव्हा हाडं पुरती दिसू लागतात. किती पिल्लं आत आहेत हे माहीत नसेल, तर शेवटचं बाहेर आलं की नाही हे कसं ठरवणार?

गाभण मादीला ‘ताकद यावी’ म्हणून कॅल्शियम पाजण्याची आपल्याकडची सवय उलटते. बाहेरून कॅल्शियम मिळत राहिलं की शरीराची हाडांतून ते काढून घेण्याची यंत्रणा सुस्तावते आणि पुढे दुधाचा भार आला की रक्तातलं कॅल्शियम एकदम घसरतं. वेतानंतर दोन-तीन आठवड्यांत मादी थरथरू लागली, पाय ताठ झाले, धापा टाकू लागली, तर ती तातडीची वेळ असते. चांगल्या प्रतीचा आहार, शेवटच्या तीन आठवड्यांत हळूहळू वाढवलेला, एवढं सहसा पुरतं.

वेताच्या आदल्या दिवशी मादीचं तापमान ३७.२ अंशांखाली उतरतं. एरवी ते ३८.३ ते ३९.२ असतं. शेवटच्या आठवड्यात दिवसातून दोनदा थर्मामीटर लावून वहीत लिहावं. मग पुढच्या गोष्टी कळतात. अर्धा तास जोरात कळा येऊन पिल्लू आलं नाही, दोन पिल्लांत दोन तासांहून जास्त अंतर पडलं, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवट-काळा स्राव दिसला, तर डॉक्टरकडे निघायचं. म्हणून सिझेरियन करणारा, रात्री दोनला फोन उचलणारा पशुवैद्य आधीच ठरवून ठेवावा. मुंबईत परळ, साताऱ्याकडे शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथं पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. आपल्याला कोणतं जवळ आहे आणि तिथं रात्री कोण असतं, याची चौकशी दोन महिने आधी करावी. कारवान, पश्मीसारख्या अंगावर चरबी नसलेल्या कुत्र्यांना थायोपेन्टोनसारखं भुलीचं औषध फार वेळ उतरत नाही, हेही शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना आठवणीने सांगावं.

आठ आठवडे

नवजात पिल्लू स्वतःचं अंग उबदार ठेवू शकत नाही. पहिल्या आठवड्यात त्याच्या जागेत २९ ते ३२ अंश तापमान लागतं. मात्र आईला बाजूला सरायला थंड कोपराही हवा. पहिल्या दिवसाचा चीक चुकला, तर आईकडून मिळणारं रोगप्रतिकाराचं कवच चुकतं. रोज त्याच वेळी वजन करावं. साधारण दहा दिवसांत ते जन्मवजनाच्या दुप्पट व्हायला हवं. जे पिल्लू दोन दिवस वाढत नाही, ते आजारी दिसायच्या आधीच वजनाच्या आकड्यातून कळतं.

दहा ते चौदा दिवसांत डोळे उघडतात. जंत आईच्या पोटातूनच पिल्लांत उतरतात, म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला जंतनाशक द्यावं लागतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मऊ अन्न सुरू होतं. सहा ते आठ आठवड्यांत पार्व्हो आणि डिस्टेंपरची पहिली लस. पण आईकडून मिळालेली प्रतिपिंडं कधीकधी लसीलाच निष्प्रभ करतात. म्हणून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत लस पुन्हा द्यायची असते. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. ‘एक लस झालीय’ एवढ्यावर पिल्लाला रस्त्यावर फिरवू नये, हे ग्राहकाला लिहूनच द्यावं.

या काळातलं दुसरं काम डोळ्यांना दिसत नाही. अमेरिकेत बार हार्बर इथं जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी वर्षानुवर्षं पिल्लांचं निरीक्षण करून १९६५मध्ये आपले निष्कर्ष पुस्तकरूपाने मांडले. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतची खिडकी उघडी असते. त्यात माणसं, आवाज, वेगवेगळी जमीन, अनोळखी वास भेटले, तर कुत्रं पुढे जगाला घाबरत नाही. या खिडकीचा पहिला निम्मा भाग ब्रीडरच्या घरात जातो. कुकरची शिट्टी, मिक्सर, लहान मुलं, छत्री, रिक्षाचा आवाज, सगळं रोज थोडं थोडं भेटवावं. भावंडांशी खेळताना जोरात चावलं की समोरचा ओरडतो आणि खेळ थांबतो, म्हणून दात किती लावायचे याचा धडाही पिल्लू तिथंच गिरवतं. तीस-पस्तीस दिवसांचं पिल्लू विकून टाकणारा हे शिक्षण अर्ध्यावर तोडतो. पुढे तेच कुत्रं ‘चावरं’ ठरतं आणि बेवारस होतं.

घर देताना

पिल्लू देणं ही विक्री कमी आणि स्थळ पाहणं जास्त. दिवसा घरी कोण असतं? आधी कुत्रं पाळलं होतं का, त्याचं काय झालं? भाड्याचं घर असेल तर मालकाची परवानगी आहे का? शिकारीसाठी कारवान मागणाऱ्याला स्पष्ट नाही म्हणायचं. टू बीएचकेत दिवसभर बांधून ठेवणाऱ्यालाही नाही. हे धावण्यासाठीच घडलेलं जनावर आहे. बरगड्या दिसतात म्हणून त्याला तूपरोटी चारून गोल करणाऱ्यालाही आधी दोन गोष्टी समजावून सांगाव्यात.

करार लेखी असावा. त्यात आईबापांच्या तपासणीचे अहवाल, लसींच्या तारखा, मायक्रोचिप क्रमांक, आनुवंशिक आजार निघाला तर काय, आणि पैदाशीसाठी न ठेवलेल्या कुत्र्याची नसबंदी करण्याची अट. सर्वांत महत्त्वाचं कलम एकच: मालकाला कोणत्याही वयात, कोणत्याही कारणाने कुत्रं ठेवणं अशक्य झालं, तर ते ब्रीडरकडे परत येईल. रस्त्यावर आणि निवारागृहांत जातिवंत कुत्री सापडतात. ‘बेघर कुत्री एवढी असताना आणखी जन्माला कशाला घालायची?’ हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला हे कलम पाळूनच उत्तर देता येतं. परत येणाऱ्या कुत्र्यासाठी जागा नसेल, तर पुढचं वेत घेऊ नये.

पैशांचा हिशेबही या अटी धरून मांडावा. एक्स-रे, डीएनए, रक्ततपासण्या, प्रोजेस्टेरॉनच्या चार-पाच फेऱ्या, प्रवास, नराच्या मालकाचं शुल्क, सोनोग्राफी, संभाव्य सिझेरियन, दोन महिन्यांचं अन्न, लसी, चिप, नोंदणी. वेतात दोनच पिल्लं निघाली तरी यातला जवळजवळ सगळा खर्च होतोच. शिवाय दोन आठवडे रात्री पेटीशेजारी झोपावं लागतं, त्याचा पगार नाही. नेटकेपणाने काम करणाऱ्या नवख्याच्या हाती पहिल्या वेतातून फारसं उरत नाही. उरत असेल, तर वरच्या यादीतली एखादी गोष्ट गाळली गेली आहे का ते तपासावं.

आठव्या आठवड्यात पिल्लं घरी गेली म्हणजे काम संपलं असं नाही, त्या दिवशी कामाचा निकालही लागत नाही. दर सहा महिन्यांनी प्रत्येक मालकाला फोन करायचा. दोन वर्षांनी जमतील तेवढ्या भावंडांच्या खुब्यांचे एक्स-रे मागायचे. कुणाला फिट्स आल्या का, कुणी माणसाला चावलं का, कुणी लवकर गेलं का, हे त्याच वहीत त्याच पानावर लिहायचं. सात पिल्लांपैकी दोघांना एकच दुखणं निघालं, तर आईबाप कितीही देखणे असोत, ती जोडी पुन्हा लावायची नाही. ही माहिती दडवण्यापेक्षा इतर ब्रीडरांना सांगायची, कारण त्यांच्याकडेही त्याच रक्ताचे नर-मादी असणार. ग्राहक तुटतील, ग्रुपवर दोन शब्द ऐकावे लागतील. पण एखाद्या जातीत तुमचं नाव टिकतं ते या वहीमुळे, आणि तुमच्यामागून येणारा नवखाही तिच्यावरूनच शिकतो.